माळीणबाईचा हातगुण

भट्टीच्या नळीतून चकती बाहेर काढली आणि तिला स्वतःचं तोंड दिसलं. नाक, गाल, टोपीतून निसटलेली एक बट, मागे छतावरच्या दिव्याची पांढरी पट्टी, सगळं कसं लख्ख. तशी ती स्वतःच्या तोंडाला घाबरणाऱ्यांपैकी नव्हती. सकाळी केस विंचरताना पाहायचं तेवढं पाहून विषय संपवायची. पण या खोलीत तोंड दिसणं म्हणजे काम फसणं. चकतीवर लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण पेरलेले असत. चकती काचेच्या लांब नळीत सरकवायची, नळी तापवायची, कार्बनचा वायू सोडायचा. मग सगळं जमून आलं तर एकेका कणावर एकेक तंतू उगवून उभा राही. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतका बारीक, आतून पोकळ, सरळसोट. असे तंतू खेटून खेटून वाढले की चकती काळी होई, आणि काळी म्हणजे इतकी काळी की उजेड आत शिरला की त्याला परतायची वाट सापडू नये. त्या काळेपणात कुणाला तोंड दिसत नसे, आणि ते न दिसणं हीच तिची सगळी कमाई होती. बाबा घरी राहायला आल्यापासून मात्र रोज तोंड दिसत होतं.

‘बाबा आल्यापासून’ हे शब्द तिने कुणापुढे उच्चारले नव्हते. नवऱ्यापुढेही नाहीत. पण माणसाच्या मनात एक कारकून बसलेला असतो, त्याला कोणी काम सांगावं लागत नाही. तो आपला दोन रकाने आखतो आणि टिपत राहतो: इकडे बाबा आले, तिकडे चकती उजळ. आज इकडे बाबांनी बाथरूमचा नळ इतका घट्ट बंद केला की नवऱ्याला पक्कड आणावी लागली, तिकडे चकती उजळ. ती त्या कारकुनाला दटावायची, अरे, मी शिकलेली बाई आहे, या दोन गोष्टींचा संबंध काय? तो मान डोलवायचा आणि पुढची ओळ लिहायचा.

तिला माळीणबाई म्हणत. तंतूंच्या त्या दाटीला सगळेच जंगल म्हणायचे, आणि ते उगवून देणारी म्हणून माळीणबाई. नाव ठेवलं पलीकडच्या खोलीतल्या अँटेनावाल्याने. तो तिच्या जंगलातून सेन्सर घडवायचा. काही लहरी इतक्या भराभर थरथरतात की साध्या तांब्याच्या तारेला त्यांच्यामागे धावताना धाप लागते; हे तंतू मात्र त्यांना अलगद पकडतात. तो सेन्सर पुलाच्या किंवा विमानाच्या अंगावर धरला की आतली भेग बाहेर कळावी, असा सगळा बेत. अँटेनावाल्याचं काम तिच्यावर अडलेलं, साहेबांचं अँटेनावाल्यावर, आणि साहेबांच्या वर जे कोणी होते त्यांचं साहेबांवर. अशी ही उतरंड, आणि सगळ्यांत तळाशी ही. आठवडाअखेर काळ्या चकत्या पोचत्या करायचा शब्द साहेब देऊन बसले होते. ते रोज दारात येऊन उभे राहत आणि काहीच विचारत नसत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

गेलं वर्षभर गंमत अशी झाली होती की जंगल उगवायचं ते फक्त तिच्या हातून. भट्टी तीच, वायू तोच, कागदावरची कृती तीच. पण दुसऱ्या कोणी केलं की चकती उजळ किंवा फार तर धुरकट, हिने केलं की काळी. दुसऱ्या पाळीला एक बाई होती, तिला सगळे टापटीप म्हणत, आणि तीही रागवत नसे, कारण ते खरंच होतं. हातमोजे ताणून बसवलेले, चिमटे उंचीने लावलेले, काम असं की एक थेंब इकडचा तिकडे नाही. तिने माळीणबाईची कृती अक्षरशः उतरवून घेतली, तशीच्या तशी केली, आणि चकतीत स्वतःचं तोंड बघत बसली. शेवटी एकदा म्हणाली, “मी तुझ्या बाजूला उभी राहते. तू कर. मी नुसती बघते.” माळीणबाईने केलं. त्या दिवशी तिच्याही हातून उजळ निघाली. मग साहेब बघायला उभे राहिले, तेव्हाही उजळ. कोणी नसलं की काळी. “नजर लागते,” अँटेनावाला म्हणाला, आणि हसला, पण त्या दिवसापासून माळीणबाईच्या चकती ठेवायच्या वेळी तो स्वतः कॉरिडॉरमधूनसुद्धा जाईना, वळसा घालून जाई. परदेशातून पदवी आणलेला माणूस. टापटीपने एक सुस्कारा टाकून सांगितलं, “हातगुण आहे बाई तुझा. आमच्या नशिबी नाही.”

हातगुण. हा शब्द तिला आवडला नव्हता, आणि अतिशय आवडला होता. आवडला नव्हता, कारण हातगुण असलेल्या माणसाला रजा मिळत नाही. ताप असला तरी यावं लागतं, भाचीच्या लग्नातून जेवणाआधी निघावं लागतं. वर कोणी विचारलं, नेमकं काय करता तुम्ही, तर सांगता येत नाही. सांगता न येणाऱ्या गोष्टीवर पोट चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात झोपण्यासारखं आहे, कोणी कधीही उठवेल. आणि आवडला होता, कारण चाळिशी ओलांडेपर्यंत तिच्यात काही विशेष आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत दादा हुशार, ती कष्टाळू. घरात दादा देखणा, ती समजूतदार. कष्टाळू आणि समजूतदार हे शब्द लोक कुणाला वाटून टाकतात ते तिला लहानपणीच कळलं होतं. हातगुण हा पहिलाच शब्द, जो दादाच्या वाटणीतून उरलेला नव्हता.

तिने उजळ चकती डबीत ठेवली, दुसरी काढली. बाबांचा डावा गुडघा बदलला, जिने चढवेनात, त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा दादा फोनवर म्हणाला होता, “थोडे दिवस तुझ्याकडे. मग मी बघतो.” दादा नेहमी मग बघायचा. ती स्वतः जाऊन बाबांना घेऊन आली. येताना गाडीत केवढा आनंद झाला होता तिला! आई गेल्यावर ती रोज बाबांना फोन करायची. आता रोज समोर असतील. आणि आल्यावर पहिल्याच संध्याकाळी दोघं टेबलाशी समोरासमोर बसली, आणि कुणालाच काही सुचेना. फोनवर हा माणूस किती बोलायचा! शेजारच्या बाईच्या कुत्र्याने काय केलं, वर्तमानपत्रात काय छापलं आणि त्यात काय चुकलं, आयुष्यभर दुकानांतले वजनकाटे तपासले तेव्हा कोणत्या वाण्याने पारड्याखाली चिंच कशी चिकटवली होती. तोच माणूस घरात आल्यावर ‘हं’ आणि ‘चालेल’ एवढ्यावर आला. ती त्यांच्याकडे बघायची आणि तिला त्यांच्या कानावरचे केस दिसायचे, मानेवरची सैल कातडी दिसायची, आणि तेही तिच्याकडे असंच काहीतरी बघत असणार. आवाजाची ओळख मुरलेली होती, तोंडाची ओळख मध्येच कुठेतरी राहून गेली होती. रात्री ते घरातले सगळे दिवे मालवत फिरायचे, ती आत असलेल्या खोलीतलासुद्धा. ती आपली कामं भराभर उरकून घरी लवकर यायला शिकली: त्यांचा व्यायाम, त्यांचं खाणं, गुडघ्याला शेक. भट्टीवरही तिचा हात आता टापटीपइतकाच चटपटीत चालायचा, चकती आत की टोपण बंद. इतकी वर्षं वेळ घालवत होते नुसता, असं तिला वाटायचं, आणि या सुधारणेचा थोडा अभिमानही. आणि तरीही मनातला तो कारकून खाली मान घालून लिहीतच होता.

दुसरी चकती तिने नळीत सरकवली आणि फोन वाजला. दादा.

“काय केलंस तू बाबांना?”

“मी? काय केलं?”

“सकाळी फोन होता त्यांचा. म्हणतात, मला इथून घेऊन जा. एवढंच. कारण विचारलं तर सांगत नाहीत.”

नळीच्या तोंडाशी ती उभी होती. पाठीला भिंत लागली तेव्हा कळलं की आपण मागे सरकलो. “काही नाही केलं मी,” ती म्हणाली. “खायला घालते, औषधं देते, शेकते.”

“ते माहितीये गं. पण काहीतरी बोलली असशील. तुझा चेहरा बोलतो. लहानपणापासून.”

“माझा चेहरा? आणि तुझा? तुझा चेहरा बघायला तरी मिळतो का त्यांना? आईच्या वेळी किती दिवस होतास?”

“हे बघ, ते काढू नकोस.”

“का नको? दवाखान्यात रात्री कोण बसलं? तू फुलं पाठवलीस, दादा. फुलं! आई म्हणाली, कोण आजारी आहे इथे?”

मग जे व्हायचं ते झालं. बहीणभावाचं भांडण म्हणजे जुन्या पेटीतले कपडे, एक ओढला की सगळे बाहेर. सायकल कुणाला मिळाली, शिकायला बाहेर कोण गेलं, घराच्या किल्ल्या कुणाकडे, वहिनी कधी काय म्हणाली. दादा मध्येच हसला, मध्येच ओरडला, मध्येच “अगं ऐक ना” म्हणाला. फोन या कानावरून त्या कानावर न नेता तिने तसाच दाबून धरला होता. शेवटी तो थकून म्हणाला, “बरं, मग काय करू सांग. रविवारी येऊन नेऊ का?” आणि तिने, आपण काय बोलतोय ते ऐकू यायच्या आत, म्हटलं, “ने. रविवारी ने. खुशाल ने.” फोन ठेवला. टोपण लावलं, त्याच्या चारी खिट्ट्या रागाने आवळल्या, भट्टी चालू केली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. त्याचं किती बरं चाललं होतं. पुसलं की स्वच्छ.

तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं ते दुसरंच काहीतरी: अंगातून एक गाठ सैल व्हावी तसं. रविवारनंतर टेबलाशी समोर कोणी नसेल. दिवे आपल्या मर्जीने जळतील. ही सुटका तिने स्वतःच्या अंगात चोरासारखी पकडली, आणि पकडल्यावर सोडता येईना.

दुपारी भट्टी थंड झाल्यावर तिने टोपण उघडलं, चिमट्याने चकती ओढली, आणि तोंड दिसलं नाही. काळी. कडेपर्यंत काळी. एखाद्या छोट्या गोल खड्ड्यात वाकून पाहावं तशी. तिने ती डब्यात ठेवली आणि अँटेनावाला कुठून टपकला कोण जाणे, “अहो माळीणबाई! जंगल!” असं ओरडला. टापटीप आली, साहेब आले. साहेबांनी काही न विचारता नुसता खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, आणि त्या पुसण्यात इतक्या दिवसांचं सगळं होतं. अँटेनावाला चकतीवर वाकून म्हणाला, “खरं सांगा, कुणाचा बळी दिलात?”

सगळे हसले. तीही हसली असावी, कारण कुणाच्या काही लक्षात आलं नाही. हिशेब इतका चोख जुळला होता की बघवेना. सकाळी ‘ने’ म्हटलं, दुपारी उगवलं. आता कारकुनाने लेखणी खाली ठेवली आणि प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. उद्या पुन्हा काळी निघाली तर? परवा? मग आपण काय करणार, रोज मनातल्या मनात म्हाताऱ्याला दारापर्यंत पोचवून यायचं आणि मग चकती आत सरकवायची? लोक असल्या गोष्टींवर गंडेदोरे बांधतात, त्यांना ती हसायची. गंडादोरा परवडला, तो निदान दिसतो तरी.

ती हात धुवायच्या खोलीत गेली, तोंडावर पाणी मारलं. गार पाण्याने गाल गार झाले. डावा कान मात्र पाणी लागताच हुळहुळला. तिने त्याला हात लावला. सकाळी फोन दाबून दाबून दुखरा झालेला. आणि त्या दुखऱ्या कानाची तिला ओळख पटली. ओळख पटली हेच खरं, जसा रस्त्यात कोणी पाठमोरा दिसावा आणि चालीवरून कळावं. वर्षभर, काळी चकती निघालेल्या प्रत्येक दुपारी, हाच कान असा दुखरा असायचा. तिने आरशात बघून कधी तपासला नव्हता, पण कान स्वतः विसरला नव्हता. कारण ती रोज चकती सरकवायची आणि त्याच वेळी बाबांना फोन लावायची. तीच त्यांची चहानंतरची वेळ, आणि तेवढ्यात तिला कोणी हाक मारत नसे. ते बोलायचे, ती हं हं म्हणायची. टोपण बसवायला दोन्ही हात लागतात. एका हातात बाबा असायचे. म्हणून नळी उघडीच राहायची, कुत्रा, वर्तमानपत्र, वाणी, चिंच सगळं संपेपर्यंत. टापटीप बाजूला उभी राहिली तेव्हा लाजेने फोन केला नव्हता. साहेब होते तेव्हाही नाही. आणि बाबा घरी आल्यावर फोन करायचा कुणाला? आज सकाळी दादाशी भांडताना नळी तितकाच वेळ उघडी होती.

आणि उघड्या नळीत जाते काय, तर हवा. हवेतली ओल. काचेला, काजळीला ती आतून चिकटून बसते आणि भट्टी तापली की सुटते. लोखंडाच्या कणांवर कार्बनची पुटं चढून ते गुदमरतात, म्हणून तर तंतू वाढायचा थांबतो; जराशी वाफ ती पुटं पुसून काढत असेल, तर कण श्वास घेत राहतील. शिडीवरचा तो पाटी पुसणारा माणूस तिला क्षणभर आठवला. तिने नळ बंद केला. एवढंच? हे खरं असेल तर. ‘तर’वर ती अडली. कारण हे खरं नसेल तर दुसरं जे होतं ते खरं होतं.

टापटीप बाहेर चिमटे उंचीने लावत होती.

“तू चकती ठेवल्यावर टोपण किती वेळ उघडं ठेवतेस गं?”

“उघडं? उघडं कशाला ठेवू? काय घाणेरडी आहे का मी?”

“उद्या तू सकाळच्याच पाळीला ये. मी काही करणार नाही. हात लावणार नाही. तू चकती ठेव, आणि टोपण उघडं टाकून इथे माझ्याशी गप्पा मार.”

“कसल्या गप्पा?”

“कसल्याही.”

त्या रात्री घरी ती कमी बोलली आणि बाबा त्याहून कमी. रविवारचं कुणीच काढलं नाही. ते आपलं ताट स्वतः उचलून घेऊन गेले, दिवे मालवत गेले. सकाळी टापटीपने चकती ठेवली आणि मग तिचे जे हाल झाले ते बघण्यासारखे होते. उघड्या नळीकडे तिची नजर पुनःपुन्हा जाई. बोटं टोपणाकडे निघत आणि ती त्यांना काखेत दाबून धरी. “धूळ जाईल गं आत.” “जाऊ दे.” “मला नाही बघवत.” “मग माझ्याकडे बघ. तुझ्या मुलीचं काय चाललंय ते सांग.” मग मुलीचं निघालं. मुलगी घरी बोलत नाही, दार लावून बसते, आणि मैत्रिणींशी मात्र तासभर खिदळते. माळीणबाई हं हं म्हणत होती. लक्ष मात्र नळीकडे होतं. चकती उजळ निघाली तर साहेब रुमाल काढतील, आठवडा बुडेल, ते सगळं होईल. पण तिला भीती त्याची नव्हती. भीती ही की मग तिला आपण काय आहोत ते कळेल. बापाला घालवून दिल्यावर जिच्या हाताला यश येतं अशी बाई. आणि ते कळल्यावर, त्याहून वाईट म्हणजे, ती ते वापरेल. कष्टाळू आणि समजूतदार माणसं हाताशी आलेली गोष्ट वाया जाऊ देत नाहीत.

“पुरे ना आता?” टापटीप म्हणाली. “पुरे. लाव.” टोपण लागलं. ती जेवायला गेली नाही. भट्टी तापली, वायू सुटला, थंड झाली. टापटीपनेच उघडलं, टापटीपनेच चिमटा घातला, आणि बाहेर काढून मुळीच ओरडली नाही. नुसती म्हणाली, “अगं.” चकती काळी होती. टापटीपच्या हातून काळी. माळीणबाईने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते ते तसेच राहिले.

कधी असं होतं, एखाद्या गर्दीच्या ठिकाणी परक्या बाईचं मूल आपल्या कडेवर येतं, जरा धरा हो म्हणून. मूल गोड असतं, सगळे आपल्याकडे कौतुकाने बघतात, आपणही मिरवतो; पण हात भरून येतात, आणि आई येईना झाली की मान वळवून वळवून तिला शोधतो. मग ती येते आणि घेते. तसं झालं. हातगुण तिच्या कडेवरून उतरला. ओल होती, नुसती हवेतली ओल. तिच्या हातात बरकत नव्हती आणि बाबांत पनवती नव्हती. तिने साहेबांना सांगितलं, वायूचा एक फाटा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आणा, मापात ठेवा, मग टोपण केव्हाही लावा; कुणीही उगवून देईल. साहेबांनी विचारलं, “कुणीही?” “कुणीही.” अँटेनावाला जरा खट्टू दिसला. “म्हणजे जादू नव्हतीच,” तो म्हणाला, “मी उगीच वळसे घालत होतो.” टापटीप मात्र दिवसभर गुणगुणत होती आणि जाताना तिने चिमटे कसेही टाकले.

घरी आली तेव्हा बाबा पुढच्या खोलीत नव्हते. बाल्कनीत दोन खुर्च्या टाकून एकीवर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. ती दुसरीवर बसली. खाली एक बाई गाडी मागे घेत होती, आणि एक पोरगी हाताने ‘अजून, अजून’ करत होती. दोघांनाही समोर बघायला काहीतरी होतं आणि एकमेकांचे फक्त आवाज उरले होते, म्हणून असेल, तिला बोलता आलं.

“बाबा, मी दादाला म्हटलं, रविवारी ने.”

“माहितीये. त्याने सांगितलं.”

“रागात म्हटलं.”

“रागात म्हटलेलं जास्त खरं असतं. वाण्यांचं तसंच असायचं.”

“तुम्ही आधी का म्हणालात त्याला, ने म्हणून?”

गाडी थांबली, पोरीने हात खाली केले. “तू रोज फोनवर सांगायचीस,” ते म्हणाले, “बाबा, काळी झाली. बाबा, काळी झाली. मला त्यातलं काय कळत होतं? पण बरं वाटायचं. मी इथे आलो आणि ते बंद झालं. विचारायचीही चोरी. मग माझं मीच पारडं लावलं. एकीकडे मी आलो. दुसरीकडे तुझं बिघडलं. आयुष्यभर तेच केलंय. काटा कुठे झुकला ते दिसत होतं.”

तर दोघं एकाच घरात, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड, एकच रकाने आखून बसली होती! हसू यावं की काय करावं ते तिला कळेना, आणि आलं ते हसूच. तिने त्यांना सांगितलं: नळी, टोपण, दोन हात, एक फोन, ओल. ते मध्येमध्ये ‘बरं’ म्हणत, आणि मध्येच, “म्हणजे मी त्या कुत्र्याचं सांगत बसायचो तेव्हा ते आत दमट होत होतं?” “हो.” “फुकट उगवून देत होतो की मी.” “हो बाबा.” “आणि आता?” “आता पाण्याची बाटली लावली. कुणीही करेल.” “कुणीही?” त्यांनी साहेबांसारखंच विचारलं, पण साहेबांना जे विचारायचं नव्हतं तेही विचारलं: “वाईट नाही वाटत तुला?”

तिने शोधलं. वाईट कुठे आहे का ते खरोखर शोधलं, जसा कोणी खिसे चाचपतो. थोडं सापडलं, तळाशी, त्या शब्दाचं. काल सकाळी अंगात पकडलेली ती सुटकाही तिथेच सापडली. ती खोटी नव्हती. रविवारनंतर दिवे आपल्या मर्जीने जळतील हे तिला खरंच हवं होतं, आणि बाबा इथे असावेत हेही हवं होतं, आणि या दोन गोष्टींना भट्टीची साक्ष काढायची गरज नव्हती. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही मी बसलेल्या खोलीतला दिवा मालवता. मला राग येतो त्याचा.”

“मग ओरडायचं ना. तुझी आई ओरडायची.” त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून हवेत एक फुली मारली, दिव्यांचा विषय मिटला अशी. “रविवारी तो आला तर त्याला जेवायला थांबव. एवढा लांबून येणार, नुसता हात हलवत परत गेला तर बरं दिसत नाही.” मग जरा थांबून, “तुझ्याशिवाय उगवतं म्हणालीस ना तिथे?”

“हो.”

“मग उद्या रजा काढ. मला चष्म्याच्या दुकानात जायचंय. वर्तमानपत्र धूसर दिसतं, म्हणून वाचून दाखवत नव्हतो. आणि चष्मा काही लगेच देत नाहीत ते. नंबर काढा, काच घासा, फ्रेम बसवा. आठवडा तरी घेतात.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडेच पाहिलं. “मग तो नीट बसत नाही. पुन्हा जावं लागतं.”

“जाऊ पुन्हा,” ती म्हणाली, आणि साहेबांना कळवायला फोन हातात घेतला.